स्वतःला ओळखून जगणे

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



 या व्यासपीठावरून परीक्षेची तयारी, शिष्यवृत्त्या, नोकऱ्या अशा विषयांवर जाणकार मंडळी नेहमी मार्गदर्शन करतात. मी एक साधा शाळामास्तर आहे. माझ्यापाशी अनुभव आहे तो वर्गातला, आणि वर्ग सुटल्यावर दाराशी रेंगाळणाऱ्या मुलांचा. ही मुले काहीतरी विचारायला थांबतात. आधी अभ्यासातली शंका विचारतात, आणि मग हळूच खरा प्रश्न बाहेर येतो. तो प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "सर, मला जे व्हावेसे वाटते ते घरी कसे सांगू?" त्या प्रश्नावर आज बोलावे, असे मी ठरवले.

"जसे आहात तसे जगा" हे वाक्य आजकाल फार ऐकू येते. जाहिरातीत ते असते, मोबाइलवरच्या चित्रफितीत असते. ऐकायला गोड वाटते, आणि म्हणूनच त्याचा अर्थ नीट तपासून घेतला पाहिजे. मनाला येईल तसे वागणे, आईबापांना उलट उत्तर देणे, अभ्यासाचा कंटाळा आला की "माझा पिंडच असा आहे" असे म्हणून पुस्तक मिटणे, याला जर कोणी स्वतःसारखे जगणे म्हणत असेल तर तो मनमानीला चांगले नाव देत आहे. मनमानीला कष्ट लागत नाहीत. खरेपणाला फार कष्ट लागतात.

मग खरेपणा म्हणजे काय? माझ्या समजुतीप्रमाणे त्यात दोन गोष्टी येतात. एक, आत आणि बाहेर माणूस एकच असणे. आपल्या घरांत लहानपणापासून सांगितले जाते की, दिखाव्यासाठी केलेली इबादतसुद्धा कबूल होत नाही. त्याला "रिया" असा शब्द आहे. जी गोष्ट नमाजाला लागू आहे ती शिक्षणाला, नोकरीला आणि लग्नाच्या मांडवाला लागू नाही, असे कसे म्हणता येईल? दुसरी गोष्ट, आपल्याला काय झेपते, कशात जीव रमतो, कुठे आपण कमी पडतो, हे प्रामाणिकपणे जाणून घेणे. पहिली गोष्ट धैर्याची आहे, दुसरी मेहनतीची. दोन्ही जमल्या तर माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहतो.

आता हे जमत का नाही? त्याच्या आड येणारे तीन शब्द तुम्हा-आम्हा सर्वांच्या ओळखीचे आहेत : "लोक काय म्हणतील?" या लोकांना मी अद्याप पाहिलेले नाही. ते कोणाची फी भरत नाहीत, कोणाच्या आजारपणात रात्र जागत नाहीत. पण मुलाने कोणती शाखा घ्यावी, मुलीने कितवीपर्यंत शिकावे, घराला किती मजले असावेत, हे सगळे तेच ठरवतात. दहावीचा निकाल लागला की शेजारच्या मुलाने सायन्स घेतले म्हणून आपल्यानेही घ्यायचे. त्याचा चुलतभाऊ दुबईला गेला म्हणून यानेही पासपोर्ट काढायचा. मुलाला विचारायला मात्र सर्वजण विसरतात.

मित्रहो, या ठिकाणी मी तुम्हांला एका माणसाची हकीकत सांगणार आहे. नाव तुम्ही ऐकले असेल. डॉ. सलीम अली. "पक्षीतज्ज्ञ" एवढी एका शब्दाची ओळख आपल्या पाठ्यपुस्तकांत असते. पण तो शब्द मिळवण्यासाठी त्यांना किती दारांवरून परतावे लागले, हे मुलांना कोणी सांगत नाही.

सलीम अलींचा जन्म मुंबईचा, १२ नोव्हेंबर १८९६ चा. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी त्यांना वाढवले. लहानपणी हातात छऱ्याची बंदूक होती आणि चिमण्या टिपणे हा खेळ होता. एके दिवशी टिपलेली चिमणी नेहमीसारखी दिसेना. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मुलाने मामांना विचारले, ही कोणती चिमणी?

येथे क्षणभर थांबा. आपल्या घरात मुलाने असा प्रश्न विचारला तर आपण काय म्हणतो? "चिमणी ती चिमणी, जा, अभ्यासाला बस." मामा स्वतः शिकारीचे शौकीन होते, पण त्यांनाही उत्तर ठाऊक नव्हते. त्यांनी मुलाला गप्प बसवले नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्या नावाने त्यांनी ओळख करून दिली, आणि मुलगा ती मेलेली चिमणी घेऊन तेथे गेला. मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखला, पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला, पुस्तके वाचायला दिली. एका वडीलधाऱ्याने "मला ठाऊक नाही, पण ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे तू जा" एवढे म्हटले, आणि एका आयुष्याला दिशा मिळाली.

परंतु दिशा मिळाली म्हणजे रस्ता सरळ झाला असे नव्हे. शाळेत हा मुलगा हुशार म्हणून नावाजलेला नव्हता. डोकेदुखीच्या आजाराने शिक्षणात खंड पडला. १९१३ मध्ये मॅट्रिक कशीबशी पार पडली. सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातले, पण पहिल्याच वर्षी अभ्यास जड गेला आणि कॉलेज सुटले. मग कुटुंबाच्या उद्योगासाठी ब्रह्मदेशात तव्हाय येथे रवानगी झाली. तेथे वुल्फ्रॅम या खनिजाच्या खाणीचे आणि इमारती लाकडाचे काम होते. आजूबाजूला घनदाट जंगल. कामापेक्षा तरुणाचे लक्ष झाडांवर जास्त!

१९१७ मध्ये ते मुंबईला परतले. आता पुढची गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट ऐकावी. व्यापारी कायदा आणि हिशेबनिसी शिकण्यासाठी ते दावर कॉलेजात जाऊ लागले. सकाळी तो वर्ग करायचा, आणि नंतर सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचा. फादर ब्लॅटर नावाच्या प्राध्यापकांनी त्यांचा कल ओळखून तिकडे वळवले होते. पोटाची विद्या आणि मनाची विद्या एकाच दिवसात दोन कॉलेजांत! "मला पक्षी आवडतात, मी हिशेब शिकणार नाही" असे ते म्हणाले नाहीत. "हिशेब शिकतो आहे, आता पक्षी विसरतो" असेही म्हणाले नाहीत.

पुढे झूलॉजिकल सर्व्हेमध्ये पक्षीशास्त्रज्ञाची जागा होती, पण विद्यापीठाची पदवी नाही म्हणून ती मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, व्याख्याता-मार्गदर्शक म्हणून नोकरी लागली. काही वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात श्ट्रेझमान या थोर पक्षीशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो काय, पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली!

वय चौतिशीच्या घरात, म्हणजे साधारण माझ्याएवढे. पदवी नाही, नोकरी नाही, घरी बायको. आपल्या मोहल्ल्यात अशा माणसाबद्दल लोक काय म्हणतात, ते मी सांगायला नको. पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेली. तेथे समुद्रकाठच्या झाडीत सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बेकार माणसाने ते दिवस नशिबाला दोष देण्यात घालवले नाहीत. त्याने सुगरणी पाहिल्या. रोज पाहिल्या, तासन् तास पाहिल्या, आणि जे पाहिले ते लिहून ठेवले.

त्या निरीक्षणातून काय निघाले? आपण "सुगरण" म्हणतो, म्हणजे बाईचे नाव देतो. पण घरटे विणतो तो नर. तो ते अर्धवट विणतो. मग मादी येते, आत-बाहेर फिरून तपासणी करते. तिला पसंत पडले तर ती तेथे राहते आणि नर घरटे पुरे करतो. मग तो दुसरे घरटे विणायला घेतो, आणि दुसरी मादी ते पाहायला येते. या पक्ष्यांच्या संसाराची ही रीत सलीम अलींनी किहीमला उलगडून दाखवली, आणि त्या लेखाने त्यांचे नाव अभ्यासकांच्या जगात झाले. मला यात फार मोठा अर्थ दिसतो. नाव ठेवणारे लोक लांबून पाहतात. खरे काय ते जवळ जाऊन, धीराने पाहणाऱ्यालाच कळते. पक्ष्याच्या बाबतीत जे खरे, ते आपल्या पोटच्या मुलाच्या बाबतीतही खरे आहे.

पुढे हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, भोपाळ अशा अनेक संस्थानांत त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, मेहनताना नको, अशी त्यांची अट असे. पत्नी तहमिना रानोमाळ त्यांच्याबरोबर हिंडली. १९३९ मध्ये तिचे निधन झाले, तेव्हा हा माणूस मोडून पडण्याच्या बेतात होता. बहीण कम्मू आणि तिचे पती यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. काम पुन्हा सुरू झाले. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. त्यानंतर डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा महाग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेची नियुक्ती. त्याच वर्षी आत्मचरित्र आले आणि त्याला त्यांनी नाव दिले ते एका चिमणीच्या पडण्याचे. ज्या सरकारी खात्यात पदवीअभावी प्रवेश मिळाला नव्हता, त्या खात्यातल्या अभ्यासकांनाही मग याच माणसाचे ग्रंथ उघडावे लागले. १९८७ मध्ये वयाच्या नव्वदीत ते गेले. ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा आज महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्याचा शेवटचा दिवस हा सलीम अलींचा जन्मदिवस आहे.

आता कोणी पालक मनात म्हणत असतील, "मास्तर, ते तय्यबजींच्या घराण्यातले. त्यांच्या पाठीशी माणसे होती. आमच्या पोराने पाखरे मोजली तर चूल कशी पेटायची?" आक्षेप अगदी रास्त आहे, आणि तो मला टाळायचा नाही. म्हणून दुसरे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचे देतो. नाव सांगत नाही, कारण तो मुलगा अजून लहान आहे आणि त्याला आपले आयुष्य शांतपणे जगू द्यावे.

त्याचे वडील सौदीला होते. वीस वर्षे बाहेर काढलेली. एकुलता मुलगा इंजिनिअर व्हावा ही त्यांची इच्छा. दहावीला बरे मार्क पडले, सायन्सला नाव घातले. दर शुक्रवारी फोन यायचा : "अभ्यास कसा चाललाय?" मुलगा म्हणायचा, "ठीक, अब्बा." प्रत्यक्षात चार महिने तो कॉलेजात गेलाच नव्हता. सकाळी डबा घेऊन निघायचा, एस. टी. स्टँडवर उतरायचा आणि थेट जेटीवर जायचा. तेथे मच्छीमार होड्यांची इंजिने दुरुस्त करणारा एक म्हातारा मिस्त्री होता. त्याच्याजवळ बसून हा पाने देई, नोझल साफ करी. संध्याकाळी जेटीवरच्या नळावर साबणाने हात घासून मगच घरी जाई, अम्मीला ग्रीसचा वास येऊ नये म्हणून.

मला त्या मुलाच्या चोरीपेक्षा त्या हात घासण्याचे वाईट वाटले. ज्या हातांचा त्याला अभिमान वाटायला हवा होता, तेच हात त्याला लपवावे लागत होते.

वडील रजेवर आले, निकाल पाहिला, आणि घरात जे व्हायचे ते झाले. दुसऱ्या दिवशी ते मला भेटायला आले. मारून आलेला बाप नव्हता तो, हरून आलेला होता. म्हणाले, "सर, माझी अर्धी हयात तिकडं उन्हात गेली. पोराचे हात काळे होऊ नयेत म्हणूनच गेली ना?" मित्रहो, या वाक्याला उत्तर देणे सोपे नाही. त्या माणसाचे प्रेम खोटे नव्हते. मी एवढेच म्हटले, "एकदा त्याला काम करताना पाहून या. त्याला कळू देऊ नका." ते गेले. दुरून उभे राहून तासभर पाहिले. मुलगा इंजिनाला कान लावून ऐकत होता आणि म्हातारा मिस्त्री त्याला विचारत होता, "काय म्हणतंय रे?"

त्या वर्षी मुलाने आय. टी. आय.ला डिझेल मेकॅनिकच्या कोर्सला प्रवेश घेतला. ही परीकथा नाही, म्हणून पुढचेही सांगतो. तो काही श्रीमंत झालेला नाही. गल्फमध्ये असलेल्या चुलतभावाहून त्याची मिळकत कमी आहे, आणि नातलगांत अजून त्याला "मिस्त्री" म्हणून चिडवणारे आहेत. पण शुक्रवारच्या फोनवर आता त्याला खोटे बोलावे लागत नाही. बाप-लेकात परत एकदा खरे बोलणे सुरू झाले, ही माझ्या मते फार मोठी कमाई आहे.

व्यवसायाबद्दल इतके पुरे. पण स्वतःला ओळखण्याचा प्रश्न पोटापाण्यापाशी संपत नाही. आपल्या मुलांपुढे आणखी एक प्रश्न असतो, आणि तो भाषेचा, नावाचा, आपलेपणाचा आहे.

एक विद्यार्थिनी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मराठीतून सुंदर बोलली. बक्षीस मिळाले. खाली उतरल्यावर एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "किती शुद्ध बोलतेस! तू मुसलमान वाटत नाहीस हो." त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. मुलगी घरी आली. ढाल पाहून एक नातलग म्हणाले, "एवढं मराठी बोलतेस, तू आपल्यातली वाटतच नाहीस." त्यांच्याही मनात वाईट नव्हते. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मग मी नक्की कोण वाटायला पाहिजे?"

या प्रश्नाचे उत्तर तिला मी एकट्याने द्यायचे नाही, आपण सर्वांनी द्यायचे आहे. आमच्या कोकणातल्या मुसलमानांच्या घरांत पिढ्यानपिढ्या कोकणी बोली बोलली जाते. त्याच घरात आजोबा उर्दू वर्तमानपत्र वाचतात, नात मराठी शाळेत जाते आणि नमाज अरबीत पढला जातो. यातले काय खरे आणि काय उसने? माझे उत्तर आहे : सगळे खरे. विहिरीला चार झरे असले म्हणून पाणी खोटे ठरत नाही.

हे काही मी नव्याने सांगत नाही. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांनी सतराव्या शतकात "योगसंग्राम" मराठीत लिहिला. बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी आपल्या पहाडी आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या सभा दणाणून सोडल्या. करमाळ्यात जन्मलेले डॉ. यू. म. पठाण मराठवाडा विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झाले. मराठी आणि फारसी यांचे नाते, महानुभावांचे आणि संतांचे साहित्य हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. १९९० मध्ये पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. यांपैकी कोणीही आपले नाव लपवून मराठी झाला नाही, आणि मराठीकडे पाठ फिरवून मुसलमान राहिला नाही. शेख, पठाण ही नावे घेऊनच ते मराठीच्या अंगणात उभे राहिले, आणि अंगण त्यांचेही झाले.

तेव्हा त्या मुलीला आणि तुम्हा सर्वांना मी सांगतो, तुम्हांला कोणासारखेही "वाटायचे" नाही. आपले नाव स्पष्ट उच्चारा. घरची बोली घरी अभिमानाने बोला. सभेत प्रमाण मराठी बोला, कार्यालयात लागेल ती इंग्रजी शिका, आणि उर्दूची गोडी असेल तर ती जपा. भाषा बदलली तरी बोलणारा बदलू नये, एवढे पथ्य पुरे.

पालकांना माझी हात जोडून तीन मागणी आहेत. पहिली, मुलांना मोकळ्या वेळात पाहा. अभ्यास करताना सर्व मुले सारखीच दिसतात. कोणी सांगितले नसताना मूल काय करते, यावरून त्याचा कल कळतो. दुसरी, मुलाला खरे बोलण्याची भीती वाटू देऊ नका. नापासाची गुणपत्रिका घेऊन जो मुलगा तुमच्यासमोर उभा राहतो, त्याने अर्धी परीक्षा पास केलेली असते. त्या क्षणी मिळालेली थप्पड त्याला गणित शिकवत नाही, लपवणे शिकवते. तिसरी, हे सगळे मुलींनाही लागू आहे. मुलीचे लग्न हे तिच्या कर्तृत्वाचा शेवट नव्हे. तहमिनाबेगम रानावनात पतीबरोबर राहिल्या आणि कम्मूबहिणीने भावाला आधार दिला, म्हणून सलीम अलींचे काम उभे राहिले. आता पाळी आपली आहे. ज्या मुलीला काही करून दाखवायचे आहे, तिच्या पाठीशी बापाने आणि भावाने तसेच उभे राहावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडेही माझे मागणे आहे. "माझी आवड" हा शब्द उच्चारण्यापूर्वी त्या आवडीला निदान एक वर्ष रोज एक तास द्या. वर्षाअखेर ती टिकली तर ती आवड, नाहीतर हौस. हौस असणे वाईट नाही, पण तिच्यासाठी आईबापांशी भांडू नये. घरची परिस्थिती बेताची असेल तर आधी कमावण्यापुरते शिका. दुकानात बसावे लागले, रिक्षा चालवावी लागली, तर त्यात खऱ्या स्वत्वाचा काही अपमान होत नाही. सलीम अली सकाळी हिशेब शिकत होते, हे आठवा. आणि अपयश आले तर ते काय सांगते, ते ऐका. कधी ते म्हणते, "आणखी कष्ट कर." कधी म्हणते, "हा रस्ता तुझा नाही." यातले कोणते म्हणते आहे हे कळण्यासाठी स्वतःशी खोटे न बोलण्याची सवय हवी. जो इतरांना फसवतो त्याला कधीतरी दुसरे पकडतात; जो स्वतःला फसवतो त्याला पकडायला कोणीच येत नाही.

आम्हां शिक्षकांवरही जबाबदारी आहे. पहिल्या बाकावरच्या पाच मुलांची नावे आम्हांला तोंडपाठ असतात. शेवटच्या बाकावर कोण काय घेऊन बसले आहे, हे पाहण्याची तसदी आम्ही घेतली पाहिजे. मिलार्डसाहेबांनी एका पोराच्या हातातली मेलेली चिमणी हसण्यावारी नेली नाही. आमच्याकडेही रोज कोणीतरी काहीतरी घेऊन येत असते. कोणाच्या हातात कविता असते, कोणाच्या हातात मोडलेला रेडिओ, आणि कोणाच्या हातात नुसताच प्रश्न. त्याला "अभ्यासाला बस" म्हणण्यापूर्वी आपण दोन मिनिटे दिली, तर त्याचे काय होईल ते आपल्याला आज सांगता येणार नाही. पण त्याला हात घासून घरी जावे लागणार नाही, एवढे नक्की.

ही संस्था आपल्या वडीलधाऱ्यांनी पदराला खार लावून उभी केली. मुलांनी शिकून मोठे व्हावे एवढीच त्यांची अपेक्षा होती. मोठे होणे म्हणजे दुसऱ्या कोणाची हुबेहूब नक्कल होणे, असे त्यांच्या मनात खचितच नसावे. अल्लाहने प्रत्येकाला वेगळा चेहरा दिला, बोटांचे ठसेसुद्धा वेगळे दिले. त्या देणगीचा मान राखणे ही एक अमानत आहे आणि ती आपण सर्वांनी मिळून सांभाळायची आहे.